साठाला एक

४ फेब्रुवारी

ती. मामास,
कुजबुजचा सा. न. वि. वि., आणि वि. बरंच आहे म्हणून दोन कागद घेतलेत.

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी आईशेजारीच उभी होते. तिनं फोन माझ्या कानाला लावला, तू हॅलो हॅलो करत राहिलास आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी आईनंच तुला सांगितलं की पोरगी मान हलवतेय, तुला दिसत नाही एवढंच. म्हणून लिहितेय. शाळा सुटून तीन वर्षं झाली, अक्षर गंजलंय, चालवून घे.

आपल्या गल्लीत ड्रेनेजची मेन लाइन आली. आपलं घर शेवटचं, म्हणजे लाइनीची सुरुवात आपल्याच दारात. दोन आठवडे खोदकाम चाललं होतं आणि मी इस्त्री सोडून खिडकीत. आई म्हणाली, नवरदेवाची वरात असती तरी तू एवढी बघितली नसतीस. पण मामा, मला एक कळलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मुकादम कुणाला तरी सांगत होता की इथनं निघालेलं पाणी गावाबाहेरच्या प्लांटपर्यंत नऊ किलोमीटर जातं, आणि वाटेत कुठंही मोटर नाही. नुसता उतार. नऊ किलोमीटर! कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. तू एवढी वर्षं हेच काम करतोस आणि मला एकदाही सांगितलं नाहीस.

आता वाईट बातमी. सगळ्या घरांना नोटीस आलीय. लाइनीपासून शंभर फुटांच्या आत घर असेल तर नव्वद दिवसांत जोडून घ्यायचंच. जुना सेप्टिक टँक उपसायचा, तळ फोडायचा, वाळूनं भरायचा. आणि घरात धंदा असेल, म्हणजे आपली लॉन्ड्री, तर एक मेपासून टँकमध्ये साबणाच्या पाण्याचा थेंबही सोडायचा नाही. सोडला तर लॉन्ड्रीला कुलूप.

आम्हाला वाटलं, बरंच झालं, जोडून टाकू. मग इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी पुढच्या टँकचं झाकण काढलं, आपला पाइप टँकमध्ये कुठं पडतो ते मापलं आणि म्हणाल्या की तुमचा पाइप मेन लाइनीपेक्षा दीड फूट खाली आहे, पाणी वर कसं चढणार? पंप लागेल. पंपाचा खड्डा भिंतीपासून पाच फूट लांब हवा, असा नियम आहे. आपलं अंगण आठ फुटांचं, त्यात धुण्याचे हौद आणि दोऱ्या. खड्डा केला तर लॉन्ड्री जाते, नाही केला तरी जाते. मॅडम वाईट नव्हत्या रे. त्यांनाही वाईट वाटलं. रस्ता तीनदा उंच झाला आणि घर तिथंच राहिलं, आता दारातनं दोन पायऱ्या उतरून आत यावं लागतं, हे त्यांनी स्वतःच बघितलं.

आई लॉजच्या चादरी इस्त्री करत राहिली. झालेल्याच, परत. बाबा गेल्यापासून घर या चादरींवर उभं आहे, तुला माहीतच आहे. काही सुचव.

लोभ आहेच, तो पत्रातनं धाड.
तुझी,
कुजबुज


११ फेब्रुवारी

चि. कुजबुज हिस अ. उ. आ.

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. फोनवर वर्षभरात बोलली नसशील तेवढं एका पत्रात बोललीस. तुझी आई म्हणते तशी तू मुकी नाहीस, तुझा नळ जरा लांब आहे, पाणी यायला वेळ लागतो.

नऊ किलोमीटरचं विचारतेस? मग ऐक. आम्ही इथं जुन्या मोठ्या बोगद्याची दुरुस्ती करतोय. विटांचा आहे, वर कमान, मधे मी हात वर करून उभा राहिलो तरी बोटं टेकत नाहीत. पहाटे आत पाणी घोट्याएवढं असतं. साडेसहाच्या सुमाराला लांबून आवाज सुरू होतो, कुणीतरी भिंतीपलीकडं कुजबुजतंय असा, तुझ्यासारखा. मग तो मोठा होत येतो. शहर उठलं. तोंड धुतलं, आंघोळी, भांडी. सातपर्यंत पाणी गुडघ्याला लागतं आणि आम्ही त्याच्या आधी वर आलेलो असतो. लाखो माणसं आपापली दारं लावून एकेकटी आंघोळ करतात, आणि इथं खाली ते सगळं एक होतं. पहिल्या दिवशी मी टोपी काढली होती. मुकादम हसला. मग म्हणाला, मीही काढली होती.

आता काम. मॅडमनी मापलं ते टँकजवळ. तू घर माप. लॉन्ड्रीत जो पारदर्शक नळीचा वेटोळा पडलाय, मी विसरून आलेला, तो घे. त्यात पाणी भर. एक टोक रस्त्यावरच्या चेंबरजवळ काठीला बांध, दुसरं मागच्या न्हाणीच्या चौकटीला. दोन्हीकडं पाणी जिथं थांबेल तिथं रेघ मार. त्या दोन रेघा एका पातळीत असणार, मधे दहा भिंती असल्या तरी. तिथनं खाली मापत जा. नळीत हवेचा फुगा राहिला तर सगळं खोटं येतं, तेवढं बघ. आणि टँकच्या तोंडावर वाकू नकोस. आतल्या हवेनं माणूस शब्द न काढता जातो. तुझ्याकडं तर आधीच शब्द कमी. मापायचं तर लांबूनच, काठीनं.

उतार लक्षात ठेव: साठाला एक. साठ फूट गेलीस की एक फूट खाली. त्यापेक्षा कमी नको.

ताईला आत्ता काही सांगू नकोस.

लोभ इकडंही भरपूर आहे, खाली आवाज घुमतो त्याचा.
मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि. आज अक्षर वाकडं येईल ते घाईनं. घाबरून नाही.

आई चादरी पोचवायला गेली की मी मापायचे. नळीत साधं पाणी दिसेना, म्हणून लॉन्ड्रीतली नीळ टाकली. चेंबरजवळ मुकादम होता. त्याला काय सांगायचं याचं मी घरात तीनदा पाठांतर केलं आणि बाहेर जाऊन नुसती नळी दाखवली. मामा, तो तुझा कुणी लागतो का? काही न विचारता त्यानं झाकण सरकवलं आणि काठी स्वतः रोवून दिली.

पहिल्या दिवशी माप इतकं वाईट आलं की मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर जिन्याच्या वळणावर नळीत वाटाण्याएवढा फुगा! टिचक्या मारमारून काढला. मग रस्त्याकडची निळी रेघ वर सरकली, थोडी खाली आली, परत वर, आणि थांबली. मी पळत मागं गेले. तिथली पण थांबली होती. मामा, ती दोन टोकं एकमेकांना बघत नाहीत. मधे स्वयंपाकघर आहे, बोळ आहे, कपाट आहे. आणि तरी त्यांना कळतं. मी तिथं उभी राहिले ती दूध उतू जाईपर्यंत.

आता आकडे. रस्त्याकडं रेघेपासून मेन लाइनीच्या तोंडापर्यंत बासष्ट इंच. मागं रेघेपासून न्हाणीच्या फरशीपर्यंत अडतीस. म्हणजे लाइनीचं तोंड आपल्या फरशीच्या चोवीस इंच खाली आहे. न्हाणीखाली आपला पाइप सुरू होतो तो फरशीच्या दहा इंच खाली, जाळी काढून काठी घातली. न्हाणीपासून चेंबरपर्यंत बरोबर साठ फूट. साठाला एक, म्हणजे बारा इंच. दहा आणि बारा बावीस. लाइन चोवीसला. दोन इंच उरतात! आपलं घर खाली नाहीच मामा. मी तीन वेळा बेरीज केली, एकदा बोटांवर.

मग मॅडमचं माप चुकलं का, म्हणून काठीनं तेही बघितलं. बरोबर आहे. टँकजवळ आपला पाइप बेचाळीस इंच खाली आहे. न्हाणीपासून टँक चाळीस फूट. चाळीस फुटांना आठ इंच उतरायला हवा होता, म्हणजे तिथं अठराला असता. आहे बेचाळीसला. चाळीस फुटांत दोन फूट कुठं गेले?

नोटिशीबरोबर नियमांचं एक पातळ पुस्तक आलंय. त्यात साठाला एकच्या पुढं लिहिलंय की यापेक्षा कमी नको आणि फार जास्तही नको. तू फक्त कमी नको एवढंच लिहिलंस. जास्त झालं तर काय होतं?

उत्तर लवकर दे. लोभाला नंतर वेळ मिळेल.
कुजबुज


३ मार्च

चि. कुजबुज हिस अ. उ. आ.

कामाच्या धबडग्यात उत्तराला उशीर झाला. इथं सगळं ठीक. गुडघा जरा कुरकुर करतो. तुझी आई अजून चहात साखर विसरते का?

तुझं माप वाचून छाती फुगली. वर्षभर शिकलेल्या पोरांना नळीतला फुगा सापडत नाही. त्या दोन फुटांचं म्हणशील तर जमीन बसली असेल. जुनं घर आहे, बसते जमीन. चादरींचा दोरा पाइपात जाऊ देऊ नका, जाळी साफ ठेवा.

बाकी काय. थंडी कमी झाली का तिकडं?

लोभ असावा.
मामा


९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि. राग मानू नकोस.

जमीन बसलेली नाही. बोळातली एकही फरशी तडकलेली नाही. मी बाटलीचं झाकण उभं करून सोडलं, ते घरंगळलं नाही. नळीनं पण बघितलं. जमीन जिथल्या तिथं आहे. खाली पाइपच तिरका गेलाय.

मग मी आईला सगळं सांगितलं. म्हणजे लिहून दिलं. तिनं आकडे वाचले आणि कागद परत दिला. म्हणाली, तो पाइप माझ्या भावानं, बारक्यानं घातलाय. सतरा वर्षांचा होता, दोन दिवस एकट्यानं खणत होता, सगळी गल्ली बघायला यायची. त्यात चूक आहे असं या घरात कुणी म्हणायचं नाही, आणि बोळाची फरशी तर कुणी उचलायचीच नाही. मामा, ती हे सांगताना इतकी सुंदर दिसत होती.

काल तिनं लॉजवाल्यांना सांगितलं की मेपासून दुसरा धोबी बघा. परत आली आणि हौद घासून काढले. कधी नव्हे इतके पांढरे. बावन्न दिवस राहिलेत.

मी तुला काही म्हणत नाहीये. मला फक्त ते पुस्तकातलं कळत नाही. उतार जास्त झाला तर काय होतं? आणि आपला पाइप दर सहा महिन्यांनी का तुंबतो?

लोभ आहे. मोजायची गरज नाही.
कुजबुज


१४ मार्च

चि. कुजबुज,

आशीर्वाद द्यायचं आज माझं तोंड नाही. हे पत्र ताईला वाचून दाखव. हातात देऊ नकोस, ती अर्ध्यात ठेवून देईल. तूच वाच.

जमीन बसलेली नाही. मीच तो पाइप खाली नेला.

ताईनं घर घेतलं तेव्हा उस्तादाकडं मला एक वर्ष झालं होतं, म्हणजे मला सगळं येत होतं. उस्तादानं सांगितलं होतं, साठाला एक. मला वाटलं, एकानं पाणी चालतं तर चारानं धावेल. माझ्या ताईच्या घरातलं पाणी धावलं पाहिजे. म्हणून मी पंधराला एक दिला. खणत गेलो, खणत गेलो, टँकपाशी पोचलो तेव्हा कमरेच्या वर खड्डा होता. ताई वर उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत होती, बघा माझा भाऊ.

आणि पाणी धावलं, हे खरं. पाणी धावलं आणि मळ मागं राहिला. उतार फार झाला की पातळ ते पुढं पळतं आणि जड ते जागेवर बसतं. दोघांनी बरोबर चालायचं तर पाण्याला थोडं हळू जावं लागतं. हे मला त्या दिवशी कळलं ज्या दिवशी पहिल्यांदा तुंबलं. सळई आत घातली की हाताला कळतं. ताई तिथंच उभी होती. म्हणाली, माझंच चुकलं रे, ब्लँकेटांचे धागे जातात. मी म्हणालो, असेल. एवढा एकच शब्द. त्यावर वीस वर्षं गेली.

तिनं ब्लँकेट घेणं बंद केलं. मी बघत होतो.

दर सहा महिन्यांनी तिचा फोन यायचा, मी सळई घेऊन यायचो, अर्ध्या तासात मोकळं करायचो आणि दोन दिवस राहायचो. तू टॉर्च धरायचीस. ताई शेजारणीला सांगायची की बारक्याच्या हाताला गुण आहे. फरशी उचलून नीट करून टाकू असं दहादा मनात आलं. आधी लाज वाटायची. नंतर वाटायला लागलं, नीट झालं तर ताई मला बोलावेल कशाला?

तुझं माप बरोबर आहे. बोळाची फरशी उचलायची, माझा पाइप तिथंच मरू द्यायचा आणि त्याच्या वर नवा टाकायचा. दहापासून बावीस. दोन इंच उरतात, आणि दोन इंच म्हणजे आमच्या धंद्यात राजवाडा. मी लायसनवाला आहे, सही माझी चालते. ताईनं ये म्हटलं तर येतो.

लोभ मागायला हे पत्र योग्य नाही.
मामा


२० मार्च

चि. बारक्यास अ. आ. (उत्तम पुढच्या पत्रात, तू काय करतोस ते बघून.)

पोरीनं तुझं पत्र मला वाचून दाखवलं. मोठ्यानं. वर्गात उभं राहून वाचायला लागतं म्हणून जिनं आठवीत शाळा सोडली, तिनं इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मला निम्मा वेळ कळतच नव्हतं की तू काय लिहिलंयस, मी तिच्याकडंच बघत होते. म्हणून परत वाचायला लावलं. दुसऱ्यांदा कळलं.

वीस वर्षं, बारक्या. थंडीत माणसं गठ्ठे घेऊन यायची आणि मी माघारी पाठवायची. पोरीला साबण कमी टाक म्हणून ओरडले. नवरा होता तेव्हा त्याला ओरडले. जाळी दिवसातनं तीनदा धुतली. आणि तू माझ्याच घरात बसून चहा प्यायचास.

पाच एप्रिलला ये. लायसन आण, कुदळ इथं आहे. पहिल्या दिवशी मी तुझ्याशी बोलणार नाही, आधीच सांगून ठेवते म्हणजे वाट बघत बसू नकोस. दुसऱ्या दिवशीचं बघू. उतार पोरगी धरेल, तू नाही.

लोभ किती ठेवायचा ते फरशी उचलल्यावर ठरवते.
तुझी ताई


२७ एप्रिल

ती. मामास,
कुजबुजचा सा. न. वि. वि. वि. वि.! चारदा लिहिलं कारण एकदा पुरत नाही.

नवा पाइप टाकून तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी टँक उपसणारी गाडी आली. मग ड्रेनेजच्या माणसांनी वरनंच लांब पहारीनं तळ फोडला आणि वाळू ओतली. शेवटची पाटी पडली तेव्हा आई म्हणाली की एवढं मोठं पोट होतं आपल्या अंगणाला, आणि आपण त्यावर वाळत घालायचो. तू बसवलेली ती एकेरी झडप मी मॅडमना उघडून दाखवली. घर रस्त्याच्या खाली असेल तर ती लागतेच, असं पुस्तकात आहे. पाण्याला जाऊ देते, येऊ देत नाही. मी तिला बोटानं सारखी हलवून बघते. आई म्हणते, मोडशील.

आज सकाळी तपासणी होती. मॅडमनी स्वतःच्या यंत्रानं सगळं परत मापलं. त्यांच्या जुन्या कागदावर टँकपाशी बेचाळीस लिहिलेलं, आता तिथंच अठरा आलं. त्या कागदाकडं बघत राहिल्या आणि विचारलं की घर वर कसं आलं? आई माझ्याकडं बघायला लागली. ती मुद्दाम बोलत नव्हती, मला माहीत आहे. मग मीच सांगितलं. नळी, नीळ, फुगा, दोन फूट, सगळं. आवाज कमीच होता, मॅडमना वाकावं लागलं, पण त्या वाकल्या. तुझं नाव घेतलं नाही. जुना पाइप जास्त उतारावर होता, एवढंच म्हणाले. त्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं की यापुढं प्रत्येक घराचं माप दोन्ही टोकांना घ्यायचं. गल्लीत आणखी तीन घरांना पंप सांगितलाय म्हणे. ती उद्या परत मापणार आहेत.

मग रंगाची परीक्षा. हिरवी पूड असते. ती मागच्या हौदात टाकून पाणी सोडायचं आणि पुढं चेंबरमध्ये हिरवं पाणी आलं पाहिजे, सगळं आलं पाहिजे, मधे कुठं झिरपायला नको. मॅडमचा माणूस आला नव्हता. आई मागं हौदाशी, मॅडम आणि मी पुढं चेंबरवर. मधे साठ फूट घर. मॅडम म्हणाल्या, हाक मारा, सोडायला सांगा.

मामा, मी मारली. मला वाटलं नेहमीसारखी हवाच येईल, पण गल्लीच्या टोकाचा कुत्रा उठून उभा राहिला. समोरच्या गच्चीवरची बाई खाली डोकावली. आई नंतर म्हणाली की तिला वाटलं, कुणी विकायला आलंय दारावर. आणि मग तिच्या लक्षात आलं आणि तिच्या हातातनं हौदाचं बूच सुटलंच.

तू म्हणाला होतास, मनात तीस आकडे मोज. मी मोजत होते. खाली नुसता पांढरा कोरडा पाइप. दहा. पंधरा. वीसला माझ्या मनात आलं की कुठंतरी सांधा सुटला. चोवीसला आवाज आला, बारीक, कुणीतरी भिंतीपलीकडं बोलतंय तसा. तुझ्या बोगद्यातला तोच असणार. आणि अठ्ठावीसला पाणी आलं. हिरवं. इतकं हिरवं मी कुठलंच काही बघितलं नाही. ते धावत नव्हतं मामा. चालत होतं. आईनं पाण्यात मूठभर दोरे टाकले होते, मॅडमना न सांगता, परीक्षा म्हणून. ते पाण्याबरोबर आले, एकही मागं नाही. चेंबरमध्ये वळले आणि अंधारात गेले, नऊ किलोमीटरला.

आई पळत आली तोवर संपलं होतं. तिचा चेहरा एवढा पडला की मॅडमनी पुडीतली उरलेली पूड माझ्या हातावर ठेवली. नियमात एकदाच आहे, पण म्हणाल्या की पुडी फाटली असं लिहीन. या वेळी मी मागं गेले आणि हाक आईनं मारली. मी बूच काढलं आणि कान लावून बसले. पुढनं काहीच आवाज नाही. मी गेले तर आई चेंबरच्या काठावर उकिडवी बसलेली. बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली की वीस वर्षं रोज पाणी ओतलं आणि ते कुठं जातं हे आज पहिल्यांदा बघितलं. मॅडमनी टोपी नव्हती म्हणून डोक्यावरचा पदर सारखा केला, मला तुझ्या त्या मुकादमाची आठवण झाली.

कागद मिळाला. सही, शिक्का, सगळं. तो आता इस्त्रीच्या टेबलावर काचेखाली आहे. लॉजवाले परत आले. आणि आईनं दारावर पाटी लावली, खडूनं, अक्षर माझं: ब्लँकेट घेतली जातील. दुपारपर्यंत सात आली. एवढ्या उन्हाळ्यात! समोरच्या बाईनं दोन आणली आणि म्हणाली की ही मी वीस वर्षं राखून ठेवली होती. आई हसून हसून बसली.

मॅडमनी जाताना विचारलं की त्या तीन घरांना मापायला मी नळी घेऊन येईन का. मी मान हलवली. मग त्यांना दिसली नसेल म्हणून हो पण म्हणाले.

आता आईचा निरोप. ती शेजारी उभी राहून सांगतेय आणि मी जसाच्या तसा लिहितेय. बारक्याला लिही की उत्तम आशीर्वाद सुरू केलेत. त्याला लिही की पाइप आता तुंबणार नाही, पण सहा महिने सरायचे तेव्हा सरतीलच, आणि तेव्हा त्यानं यायचं. दोन दिवस नाही, चार. काही बिघडलेलं नसताना यायची त्याला सवय नाही हे मला माहीत आहे. रिकाम्या हातानं यायला लाज वाटत असेल तर म्हणावं सळई घेऊन ये, दारामागं उभी करून ठेवू.

लोभ साठाला एक ठेव. धावायला नको, पण थांबायलाही नको.
तुझी,
कुजबुज